बंपरवर नाही, चासीवर

चिखलात रुतलेला टेम्पो ओढताना आमच्या टोइंगच्या गाडीची विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारं यंत्र, बंपरसकट उखडली. ताणलेला दोर चाबकासारखा उलटा आला आणि नवऱ्याच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलं. हात वाचला, पण माणूस खचला. घणसोली गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर तो प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून, गाडीकडे पाठ करून बसायचा.

"इकून टाकू," तो म्हणायचा. "मना आता त्या दोराची भीती वाटते."

मी मूळची साताऱ्याकडची. नोकरीसाठी इथे आले, याच्या प्रेमात पडले आणि इथलीच झाले. गाडीतलं मला फारसं कळत नव्हतं. पण संध्याकाळी त्याच्या अंगाला ग्रीसचा वास नसला, की घर परकं वाटायचं.

"विकायची नाही," मी सांगितलं. "विंच परत बसवायची. मी बसवते, तू सांग."

तो गाडीकडे पाठ करूनच बसला.

मी नाक्यावरच्या वेल्डरला बोलावलं. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, कशाला टेन्शन घेता? नवा बंपर लावू, त्याच्यावर वेल्डिंग मारून देतो. जेवायच्या आत काम खलास."

"मागच्या वेळी असंच केलं होतं. तेच उखडलं."

"मग अजून जाड वेल्डिंग मारू."

तेव्हा ओट्यावरून आवाज आला. "बंपर कंदी वजन घेतो काय? चासीला धर, गाडीच्या सांगाड्याला. दोनी बाजूला. कंपनीची भोकं हायेत, तीच वापर." नवरा आमच्याकडे वळून बसला होता.

विंच चासीला धरायला तळोज्यातल्या एका वर्कशॉपमधून मी जाड लोखंडी प्लेट कापून आणली. लावून बघितली तर एका बाजूची भोकं थोडी चुकली होती. "गॅस कटरने मोठी करू," वेल्डर म्हणाला. मोठ्या भोकात बोल्ट हलणार, हे मलाही कळत होतं. मी प्लेट पुन्हा रिक्षात टाकली आणि नवी करून आणली. दुकानदाराने दिलेले बोल्टही परत केले, कारण नवऱ्याने एकेक हातात घेऊन डोकं तपासलं होतं. "याच्यावर ताकदीचा आकडाच नाय. साधे हायेत. ताणाला तुटतील."

मग काम सुरू झालं. आधी बॅटरीची वायर काढली. विंच हाताने उचलायचा हट्ट न धरता चेनपुलीने वर घेतली. सगळे बोल्ट आधी हाताने बसवले, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेले. टॉर्कचा पाना ठरलेल्या जोराला टक वाजला की थांबायचं. माझे खांदे भरून आले. मध्येच तो उठला, गुडघ्यावर बसून त्याने डाव्या हाताने टॉर्च धरली आणि शेवटपर्यंत ती खाली ठेवली नाही.

चाचणीसाठी दिराने रेतीने भरलेला टेम्पो मोकळ्या मैदानातल्या चढावर लावला. तुटला तर उसळू नये म्हणून दोरावर मी ओली गोणपाटं टाकली, बघ्यांना लांब हटवलं आणि बाजूला उभी राहून रिमोटचं बटण दाबलं. दोर ताणला. प्लेट मात्र हलली नाही. टेम्पो हळूहळू वर आला. नवरा पार लांब, भिंतीपाशी उभा होता.

"बोल्ट परत बघ," तो ओरडला. "एकदा वजन घेतलं का ढिले पडतात."

पडलेही होते, एक-दोन किंचित. मी पुन्हा आवळले.

काही दिवसांनी फोन आला. खाडीकडच्या रस्त्याच्या कडेला एक पिकअप कलंडलेली. मी चावी घेतली आणि एकटीच निघाले, तर तो पायात चप्पल सरकवत मागे आला.

"हात अजून प्लास्टरात आहे," मी म्हणाले.

"तोंड तर चालतंय ना? लोकांना लांब कोन ठेवील?"

त्या दिवशी त्याने इतकं ओरडून लोकांना मागे रेटलं, की एका काकांशी त्याचं भांडणच झालं. भांडता भांडताच त्याने मला हात केला आणि म्हणाला, "चल, घे!"

मी बटण दाबलं.