मावशींचे दोन भांडखोर

कपडे शिवणाऱ्या मावशींच्या हॉलमध्ये काचेच्या टाकीत वीतभर लांबीचे दोन सिक्लिड मासे होते, दोघेही महाभांडखोर. थोरला धाकट्याला दिवसभर पिटाळायचा, त्याच्या शेपटीचे लचके तोडायचा.

"एकाला देऊन टाक बाई!" सासूबाई वैतागल्या.

मावशींनी बाह्या सरसावल्या. दोघांना बादल्यांत काढलं, टाकीतले दगड इकडचे तिकडे केले, एक मडकं आडवं ठेवलं आणि धाकट्याला आधी सोडलं. मग थोरला आला, तर आपली जागा कुठली हेच त्याला कळेना! भांडायचं विसरून तो बावचळल्यासारखा फिरला आणि दगडांमागे जाऊन बसला. धाकट्याने मडकं पटकावलं होतं.

"जमलं!" मावशींनी ओल्या हातांनीच सासूबाईंना धरून गरगर फिरवलं.

"अगं सोड, पडेन मी!" म्हणत सासूबाईही खिदळत सुटल्या.