काचेमागचा माणूस

संग्रहालयात चौतीस वर्षं मेलेल्या पक्ष्यांत भुसा भरला, म्हणून सगळे त्यांना भुसामास्तर म्हणत. निवृत्तीनंतर त्यांची एकच हौस होती: दूरच्या निर्जन बेटांवर जाऊन तेच पक्षी जिवंत बघायचे. त्यासाठी त्यांनी ऐंशी माणसांची लहान बोट निवडली, कारण मोठ्या जहाजांतल्या लोकांना तिथे उतरूच देत नाहीत. बोटीवरून रबरी होडीत उतरता यावं म्हणून महिनाभर ते माळ्याच्या शिडीवर चढउतर करत होते.

आणि लेकीने त्यांना न विचारता मोठ्या जहाजाचं बुकिंग करून टाकलं.

"लहान बोट फार हलते, बाबा. यात लिफ्ट आहे, डॉक्टर आहे. जेवता जेवता काचेतून बेट दिसतं."

"आणि उतरायचं कधी?"

"या वयात उतरून काय करायचंय? आरामात बसा की."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं त्यांनीही पक्ष्यांना असंच आरामात बसवलं होतं. ते तरातरा आत गेले, कामाचा जुना डबा घेऊन आले आणि त्यांनी तो लेकीपुढे टेबलावर उपडा केला. पक्ष्यांना बसवायचे काचेचे डोळे टेबलभर घरंगळले, काळे, पिवळे, तांबडे.

"मला काचेमागेच ठेवायचंय ना तुला?" ते म्हणाले. "मग यातले दोन निवड. भुसा कसा भरायचा ते मी शिकवतो."