तळहाताचे शिपाई आणि बाळाची आंघोळ

कातडीच्या दवाखान्यात मंगळवारी नंबर लागेपर्यंत दुपार होते. खाजवायचं नाय, असं डॉक्टर मॅडमनी बजावलेलं. मग बाकड्यावर माणूस करणार काय? बोलणार! असेच किस्से साचतात.

*

पहिल्या दिवशी मी हात पदरात लपवून बसले. तळहाताला भेगा, वर चंदेरी खवले. शेजारची बाई उठून लांब गेली. समोरच्या बाकड्यावरचे सलीमचाचा हसले. त्यांच्या कोपरांना तेच. "अच्छा है ना आजी! सोरायसिसवाल्याला एसटीत जागा धरायला रुमाल टाकावा लागत नाय!"

मला हसू येईना. नातीला, राणीला सातवा महिना. आमच्या घरातलं हरेक लेकरू मीच पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं. हे लेकरू या हातात कोण देणार?

*

मॅडमनी समजावलं, "अंगात टी सेल नावाचे शिपाई असतात. प्रत्येकाला रिसेप्टर, म्हणजे पकडायचा पंजा. तो पंजा एकाच तोंडवळ्याला ओळखतो. तुमच्यात शिपायाला आपलीच कातडी चोर वाटते. तो शिट्टी फुंकतो, बाकीचे धावतात, कातडी घाईघाईनं वाढून खवले धरते."

चाचा चिकलठाण्याच्या एका कंपनीत वॉचमन होते. म्हणाले, "मैंने भी मालकाच्या मेव्हण्याला चोर समजून गेटवर धरलं था!"

"मग?"

"नौकरी गई!"

मॅडम म्हणाल्या, "इथं तीच पंचाईत. या शिपायाला नोकरीवरून काढता येत नाही, फक्त शांत करता येतं."

*

फर्दापूरचा विठ्ठल हॉटेल चालवतो. लेकीच्या लग्नाआधी कुण्या भोंदूकडून इंजेक्शनं घेतली. लग्नात कातडी चकाचक! मग बंद केली. तिसऱ्या आठवड्यात डोक्यापासून पायापर्यंत लालभडक, हुडहुडी भरलेली. स्ट्रेचर आत नेताना मॅडम आम्हा सगळ्यांवर ओरडल्या, "शिपाई दाबून ठेवायचा आन् एकदम सोडायचा? पिसाळतो तो!"

विठ्ठल कण्हत म्हणाला, "पर मॅडम, फोटो लई भारी आले!"

कुणी हसलं नाय. माझ्याही कनवटीला तसल्याच एका भोंदूच्या पुड्या होत्या. मी मुकाट मॅडमपुढं ठेवल्या.

*

राणी आमच्याकडंच बाळंत झाली. मुलगा! पाचव्या दिवशी तिची सासू बिडकीनहून आली. मी बाळाकडं वाकले तशी म्हणाली, "आजी, लांबूनच बघा हं." न्हाऊ घालायला बाई लावली. तोवर औषधानं माझ्या भेगा भरल्या होत्या, पण डाग होते. बाळ रडायचं, मी दाराआड हात चोळत उभी.

राणीच सासूला म्हणाली, "आत्या, एकदा डॉक्टरला तरी विचारा."

*

मंगळवारी विहीणबाई माझ्याबरोबर आल्या. बसल्या बाकड्याच्या टोकाला. आत गेल्या गेल्या विचारलं, "यांचा हात लागला तर लेकराला व्हईल का?"

मॅडमनी माझा तळहात उघड्या हातानं धरला. "नाही. यांचे शिपाई यांच्याच अंगात. शिवल्यानं दुसऱ्याकडं जात नाहीत."

"रक्तातून?"

"घराण्यात असला तर पुढं कधी होण्याची शक्यता थोडी वाढते. पण ते न्हाऊ घातल्यानं नाही."

रिक्षात विहीणबाई माझ्या हातांकडं बघत बसल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊ घालणारी बाई आलीच नाय. विहीणबाईंनी घंगाळात कढत पाणी ओतलं, मग गार. मी नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर.

माझ्याकडं न बघताच त्या म्हणाल्या, "आत या. पाण्यात हात घालून बघा, लेकराला सोसंल का?"