चार इस्पिक

कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या की त्या ओल्या वासाबरोबर मला सदर भागातला, इंग्रजी अमदानीतला तो क्लब आठवतो, आणि अजून तोंड कडू होतं.

ब्रिजचा डाव होता. माझे भिडू, गणिताचे मास्तर, "एक बदाम" म्हणाले. त्यांच्यानंतर बोलायची पाळी रावबहादुरांची. कमिशनरसाहेबाच्या गळ्यात हार घालघालून किताब मिळवलेला हा वकील पानं धड न लावताच गरजला, "चार इस्पिक!" एवढी मोठी बोली केवळ आमची तोंडं बंद करायला. माझ्याकडे तीन एक्के होते. "डबल" म्हणून बोलीला आव्हान दिलं असतं तर त्याची पुरती फजिती होती. पण मी पडलो त्याच्याच हाताखालचा ज्युनिअर. "पास," मी पुटपुटलो.

चारची बोली म्हणजे तेरापैकी दहा हात; ते करतो म्हणणाऱ्या त्या बढाईखोराचे सहाच झाले. तरी निर्लज्ज हसत होता.

मास्तरांनी माझे एक्के पाहिले. "काहून गप्प राहिला गा? त्याच्याजवळ तं नुसता आवाज होता."

कित्येक वर्षं मी रावबहादुराला तुच्छ मानलं. आता वाटतं, त्यानं निदान फुसक्या पानांवर हिंमत तरी केली. मास्तरांना ते तेव्हाच कळलं असावं. पुढच्या रविवारी त्यांनी दुसरा भिडू घेतला.