रापणीचे बांगडे आणि थांबलेल्या पवनचक्क्या

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, लागली. खूप दिवसांनी एवढे बांगडे जाळ्यात आले... सगळ्या वाडीने दोर ओढला, मीही ओढला.

दुपारी वारा सुटला. इतका, की एक माड विजेच्या मुख्य लाईनवर आडवा झाला आणि सगळ्या पट्ट्याची वीज गेली. बर्फाचा कारखाना बंद पडला, त्यांचा जनरेटर आधीच नादुरुस्त. बर्फाशिवाय मासे नेणार नाही म्हणत टेम्पोवाला रिकामाच वेंगुर्ल्याला परतला.

रापणीचा सगळा कारभार सुगंधाकाकी बघते. बांगड्यांच्या ढिगावर समुद्राचं पाणी मारता मारता तिने तारा जोडायला आलेल्या वायरमनला गाठलं आणि समोरच्या सड्याकडे, त्या उघड्या कातळपठाराकडे, हात केला. तिथल्या पवनचक्क्यांची पाती एवढ्या वाऱ्यातही थांबलेली होती.

"रे बाबल्या, वारो एवढो आसा. मगे ती चक्की कित्याक बंद?"

"काकी, तिची वीज आधी मोठ्या लायनीत जाता. लायनच बंद, तर ती फिरून काय करतली?"

"मगे उभी कशाक केली? कावळे बसूक?"

बाबल्या हसला. आम्हीही हसलो... काकी तेवढी हसली नाही.

पवनचक्क्या आल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कोळसा कमी जळेल, समुद्र कमी तापेल, मासळी टिकेल... आजही मला ते खरंच वाटतं. पण इथली वीज साठवून ठेवायची किंवा लाईन तुटली तरी गावाला द्यायची, तर वेगळी सोय करावी लागते. तिला खर्च येतो, आणि एवढ्याशा वाडीसाठी तो कोण करणार?

वीज दोन दिवसांनी आली. तोवर होतं नव्हतं तेवढं मीठ लावून काही बांगडे खारवले होते, पण ऊनच नव्हतं. तेही बुळबुळीत झाले. बाकीच्या ढिगाजवळ उभं राहवत नव्हतं.

दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला रापणीत वाटा मिळतो. काकीने हा रिवाज मोडला नाही... कुजलेल्या माशांच्या सारख्या पाट्या भरल्या आणि माडांना खत म्हणून घरोघर दिल्या. मला हाक मारून म्हणाली, "तुझोव वाटा घेवन जा रे."

तिने मला वगळलं नाही, याबद्दल तिचे आभार कसे मानावेत कळेना. पाटी उचलली आणि घरी आलो. परसात माडाच्या मुळाशी खड्डा खणला आणि पाटी ओतली... वरचे दोन-चार बांगडे अजूनही चकाकत होते.

उद्या कुणी विचारलं, तर पवनचक्क्या हव्यात असंच मी सांगेन. फक्त काकीसमोर सांगायचं धैर्य आता माझ्यात नाही.