चौकात लागलेले अप्पा

कोल्हापूरला गेले ते मिसळीसाठी नाही, हे आधीच सांगून टाकते. ब्लॉगवर कोल्हापूर हा शब्द टाकला की तुम्ही सगळे मिसळीवर तुटून पडता. मी गेले ते गिरिजाच्या फोनमुळे. गिरिजा माझी तिकडची चित्रकार मैत्रीण. "माझं प्रदर्शन हाय, रविवारी यायचं," असा हुकूमच आला. कुठला हॉल, विचारलं, तर म्हणाली, "हॉल गेला खड्ड्यात. तिथं आम्ही चित्रकारच येतो, एकमेकांना छान छान म्हणतो आणि चहा पिऊन जातो. मी चौकात फ्लेक्स लावणार. लोक वाढदिवसाचा लावतात की, तसाच. फक्त चित्राचा."

कल्पना मला भन्नाट वाटली. मग तिनं खरं दुखणं सांगितलं. तिच्या वडिलांचं, अप्पांचं, सरकी-पेंडीचं दुकान आहे. गावातल्या निम्म्या म्हशी त्यांच्याच दुकानातलं खातात. अप्पांनी निकाल देऊन टाकला होता: रस्त्यानं जाणारा एक जरी माणूस तुझं चित्र बघायला थांबला, तर काढ चित्रं. न्हाईतर सोमवारपासनं दुकानात गल्ल्यावर बस. आणि अप्पांचा शब्द म्हणजे शब्द. असल्या वेळी मैत्रिणीनं घरी लोळत पडायचं का? निघाले.

स्वारगेटवरून पहाटेची एसटी घ्या. तिकीट परवडतं, रस्ता आता चौपदरी झालाय, घाट सोडला तर मान मोडत नाही. साताऱ्याच्या अलीकडे गाडी थांबते तिथला चहा पिऊ नका. मी प्यायले आणि कऱ्हाडपर्यंत पस्तावले. पुढे दोन्ही बाजूंना ऊस आणि मग पंचगंगेचा पूल आला की फ्लेक्सची जत्राच सुरू होते. काळे गॉगल, कानाला मोबाइल, गळ्यात साखळ्या, मधोमध वाढदिवसाचे दादा आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी. मला तर वाटायला लागलं की या गावात रोज कुणीतरी जन्मतंय आणि उरलेले फोटो काढायला जातायत.

स्टँडवर रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, तर तो चुकचुकला.

"तिकडं बाजार बंद व्हायला लागलाय, पावणं. पेंडवालं अप्पा गेलं न्हवं का."

 परवाच तर गिरिजा फोनवर हसून बोलली होती! चौकाच्या तोंडाशी उतरले, तर खरंच शटरं अर्धी खाली, माणसं डोक्यावरच्या टोप्या काढून उभी. वर भला मोठा बोर्ड. कोळशानं काढलेला अप्पांचा चेहरा, काळा-पांढरा, आणि वर झेंडूचा हार. तिथूनच डोळे पुसत मी मागच्या गल्लीत घर गाठलं. दार गिरिजानंच उघडलं. हातात पोह्यांची कढई आणि तोंडभर हसू.

"आलीस! बोर्ड बघितलास का?"

दुःखानं पोरीचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं. मी तिला गच्च मिठी मारली.

"अगं, कढई!" ती ओरडली. "काय झालं तुला?"

"अप्पा कधी गेले?"

"शुक्रवारी. निपाणीला, आत्याकडं. आज येतील की दुपारी."

मग मी रिक्षावाल्याचं सांगितलं. हार सांगितला. गिरिजानं कढई खाली ठेवली आणि अनवाणीच पळाली. मागून तिची आई, म्हणजे अव्वा, तिच्यामागून मी.

झालं होतं असं. बोर्डवर गिरिजानं चित्र आणि कोपऱ्यात सही एवढंच ठेवलं होतं. अक्षर नाही, शुभेच्छुक नाहीत, केक नाही. ते अप्पांचंच चित्र आहे हे तिनं अप्पांनाही सांगितलं नव्हतं. आता चौकात कुणीतरी स्पीकर जोडला होता आणि तरुण मंडळाचा अध्यक्ष माइकवर गहिवरत होता. "अप्पांच्या जाण्यानं चौकाची न भरून येणारी हानी..."

"अहो, जिवंत हायत अप्पा!" गिरिजा किंचाळली.

अध्यक्ष गोंधळला. "मग बोर्ड कशाला लागलाय?"

"ते चित्र हाय! मी काढलेलं!"

"वाढदिवस हाय का त्यांचा?"

"न्हाय."

"निवडणुकीला उभं ऱ्हायल्यात?"

"न्हाय हो!"

"मग गेलंच की!"

या युक्तिवादाला गर्दीतून माना हलल्या. घरी कुणी का विचारलं नाही, असं मी म्हटलं, तर एक काका माझ्यावरच डाफरले, "अशा टायमाला घरच्यास्नी कुठं तरास द्यायचा? काय समजतंय का न्हाय?"

तेवढ्यात गर्दीच्या मागून खांद्याला पिशवी लावून अप्पा आले. निपाणीची गाडी लवकर मिळाली असणार. गर्दी बघून त्यांनीही रीतीप्रमाणे टोपी काढली आणि शेजारच्याला हळू विचारलं, "कोण गेलं?"

"पेंडवालं अप्पा," तो वळूनही न बघता म्हणाला.

"कवा?"

"राती गेलं असणार. सकाळी बोर्डच लागला."

अप्पांनी मान वर केली. मग जी पळापळ झाली ती विचारू नका! एक बाई मटकन खाली बसली. हारवाला हार काढायला बोर्डवर चढला. अध्यक्षाला मात्र भाषण अर्धं टाकवेना. "अप्पा, जरा बाजूला थांबा. श्रद्धांजली संपतच आलीया," तो चक्क माइकवर म्हणाला. मला हसू आवरेना आणि गिरिजाकडे बघितल्यावर हसवेना. ती पांढरीफटक पडली होती.

"अप्पा," ती कशीबशी म्हणाली, "थांबले की लोक."

"ते मी मेलो म्हणून थांबलं," अप्पा म्हणाले. "चित्र बघाय कोण थांबलंय? इचार एकाला."

 विचारण्यासारखं नव्हतंच. अप्पा जिवंत आहेत म्हटल्यावर बोर्डात कुणाला रस उरला नाही. शटरं वर गेली, स्पीकर टेम्पोत चढला, आणि पाच मिनिटांत चौक असा मोकळा झाला की मला त्या गावाचा भयंकर राग आला.

आम्ही निघालो. अप्पा निघेनात. पिशवी तशीच खांद्याला, टोपी हातात. मागून म्हशी आल्या, मोटारसायकलवाल्यानं हॉर्न मारला, तरी ते हलले नाहीत.

"घरी चला," अव्वा म्हणाली. "लोक बघाय लागल्यात."

"बघू देत की." मग गिरिजाला, बोर्डवरची नजर न काढता, "एवढा दमलेला दिसतो व्हय गं मी?"

गिरिजानं मान डोलावली. 

"आरशात न्हाय दिसत ते," अप्पा म्हणाले आणि उभेच राहिले.

जेवायला ज्वारीची भाकरी, झुणका आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. सोमवारचं नाव कुणी काढलं नाही. मी निघताना अप्पा स्वतः टेबलावर चढून फ्लेक्स उतरवत होते. नीट गुंडाळला आणि गिरिजाच्या हातात दिला. "ठेव जपून. मी खरा गेलो की हाच लाव. अक्षरं नगंत." मग टेबलावरून उतरले आणि दुकानात जाऊन स्वतःच गल्ल्यावर बसले. गिरिजा ती गुंडाळी छातीशी धरून हमसून हमसून रडली, आणि मीही.

तुम्ही जाणार असाल तर मिसळ खा, रंकाळ्यावर फिरा आणि बोर्ड लावायचा असेल तर खाली ठळक अक्षरात 'इसम हयात आहे' असं लिहा. परतीला निमआराम मिळाली, पाठ वाचली.

घरी पोचले तेव्हा आई खिडकीशी मटार सोलत बसली होती. मी पिशवी टाकली आणि तिच्यासमोर फरशीवर बसले, तिच्या चेहऱ्याकडे बघत. किती वर्षांनी, देव जाणे. ती सोलायची थांबली.

"काय बघतेस अशी?" ती घाबरून म्हणाली. "मला काही झालंय का?"