विहिरीतून गेलेला लाल

आमच्या घरात सकाळचं पहिलं काम म्हणजे विहिरीत डोकावणं. चूल नंतर. आम्ही रंगारी. शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत अण्णा, म्हणजे माझे वडील, लाल लुगडी रंगवायचे आणि त्यांच्या लालाला तोड नव्हती. तो लाल विहिरीच्या गोड्या पाण्यावर उभा होता आणि विहीर गल्लीमागच्या तळ्यावर.

एकोणीसशे पन्नास साल उलटलं आणि त्या तळ्यात लॉऱ्या माती ओतू लागल्या. तिथे म्हणे घरं होणार होती. मी तेव्हा दहा वर्षांची. पाण्यापर्यंत दोर जिथवर लागला त्या जागी आई रोज चिंधी बांधायची, आणि रोज दोर जास्त लागायचा. पाणी गेलं तर अण्णा काय करणार? त्यांना दुसरं येत तरी काय होतं?

"विहीर खोल करू," अण्णा म्हणाले. "स्वल्प थांबा हो अण्णा, पाऊस येईल," शेजारची कानडी अक्का म्हणाली. पण हा हट्टी माणूस ऐकतोय कुणाचं! विहिरीवर सात घरं जगत होती, म्हणून सातही घरांतले लोक पहारी आणि पाट्या घेऊन आले. पंधराव्या दिवशी खडकातून पाणी फुटलं. अक्कानं विहिरीला हळदकुंकू वाहिलं.

नव्या पाण्यात आधी चिंधी बुडवून बघायची, हे मला अण्णांनीच शिकवलेलं. आईनं आठवणही करून दिली. "माझ्याच विहिरीची परीक्षा घेऊ?" असं म्हणत त्यांनी रंग पक्का धरावा म्हणून हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवलेली सगळी लुगडी एकदम पाण्यात घातली. बघता बघता ती काळवंडली. खालच्या खडकाच्या पाण्यात लोखंड होतं, आणि हिरड्याला लोखंड लागलं की काळं होणारच. अण्णांना हे माहीत नव्हतं थोडंच!

पाणी भरपूर आलं आणि लाल गेला. मला अजून राग येतो, लॉरीवाल्यांचा आणि अण्णांचाही. दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही. ते आता उठतच नाहीत, अशी भीती मला वाटली. तिसऱ्या दिवशी आई त्यातलंच एक काळं लुगडं नेसून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"संक्रांतीला आपल्यात चंद्रकळा नेसतात ना? मग रंगवा की काळं!"

त्यांनी काळं रंगवलं. त्यावर आमचं घर चाललं. विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव होती, म्हणून पिण्याचं पाणी मात्र सात घरांच्या बायका पाळ्या लावून लांबच्या नळावरून आणायच्या.

साठ साल उलटल्यावर माझं लग्न ठरलं. लाल शालू दुकानातून आणला. अण्णांनी त्याचा पदर ओल्या बोटांत चोळला आणि बोटं उजेडात धरली. "पक्का आहे," एवढंच म्हणाले आणि मागच्या दारी गेले.

बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले. हिरड्यात भिजवलेली चिंधी दोराला बांधून ते विहिरीत सोडत होते. वर आली ती काळीच.